आधी कोणी बोलायचं?

'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाबद्दल दोन मतं हमखास ऐकू येतात. पहिलं बाहेरच्यांचं: ज्याच्या खिशात पैसा त्याच्या हातात चांगले पत्ते, आणि ज्याच्या हातात चांगले पत्ते तो जिंकला. दुसरं खुद्द खेळणाऱ्यांचं: खेळ झकास आहे, पण लढाईतले वेळेचे नियम म्हणजे शब्दांचा कीस काढणाऱ्यांचा उद्योग, ते नसते तर खेळ आणखी रंगला असता. दोन्ही मतांच्या बुडाशी समज एकच आहे. खेळ पत्त्यावर छापलेला असतो आणि नियमपुस्तक भांडण झालं तरच उघडायचं, असा तो समज.

तो उथळ आहे. मॅजिकमध्ये एकाच पत्त्याचा, त्याच मजकुराचा आणि तेवढ्याच खर्चाचा परिणाम शून्यापासून डाव फिरवण्यापर्यंत काहीही होऊ शकतो. सगळं तो पत्ता कोणत्या क्षणी पडला यावर असतं. असे क्षण किती, त्या क्षणी कोणाला काय ठाऊक असतं आणि आधी कोणी बोलायचं, हे ठरवणारे नियम हाच खेळाचा गाभा. म्हणून या नियमांना 'सोपे' किंवा 'किचकट' म्हणून निकालात काढता येत नाही. एखाद्या नियमामुळे कोणापुढे खरी निवड उभी राहते का, हे आधी पाहावं लागतं. या कसोटीवर १९९९, २००९ आणि २०२४ या वर्षांतल्या तीन मोठ्या बदलांकडे पाहिलं तर त्यांचे निकाल तीन वेगवेगळे लागतात.

१. मुळातला निर्णय: कोण कोणाला अडवणार

रिचर्ड गारफील्ड हा गणितज्ञ. त्याने रचलेला हा खेळ 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने ऑगस्ट १९९३ मध्ये बाजारात आणला. पहिल्या संचात २९५ वेगवेगळे पत्ते होते. आज हा आकडा पंचवीस हजारांच्या पुढे गेला आहे. प्रत्येक खेळाडू २० जीवांनी सुरुवात करतो. तो जमिनींच्या पत्त्यांमधून 'माना', म्हणजे जादूची शक्ती, काढतो आणि त्या मानाच्या बदल्यात क्रीचर किंवा मंत्र मैदानात आणतो. क्रीचरवर दोन आकडे असतात, पॉवर आणि टफनेस. २/२ म्हणजे दोन डॅमेज करणारा आणि दोन डॅमेज बसलं की मरणारा.

या रचनेतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय पत्त्यांवर कुठेच छापलेला नाही. हल्ला करणारा आपले क्रीचर समोरच्या खेळाडूवर सोडतो, पण त्यांतल्या कोणाला कोणी अडवायचं हे बचाव करणारा ठरवतो. हल्ला करणाऱ्याने आधी बोलायचं, क्रीचर टॅप करायचे, म्हणजे आडवे ठेवायचे. मग समोरचा ते पाहून ब्लॉक करणार. टॅप झालेले क्रीचर प्रतिस्पर्ध्याच्या पुढच्या पाळीत ब्लॉक करू शकत नाहीत, त्यामुळे प्रत्येक हल्ला ही आपल्या बचावातून केलेली उचल असते.

याच्या उलट रचना २०१४ मध्ये आलेल्या 'हार्थस्टोन' या संगणकी खेळात आहे. तिथे हल्ला करणाराच लक्ष्य निवडतो. जखमा पाळी संपली तरी उरतात, आणि प्रतिस्पर्ध्याला तुमच्या पाळीत पत्ता टाकता येत नाही. आधी लावून ठेवलेली 'सीक्रेट्स' तेवढी उलगडतात. फोनवर दहा मिनिटांत डाव संपवायचा तर ही रचना उत्तम. पण 'आधी कोणी बोलायचं' हा प्रश्नच तिने पुसून टाकला आहे. तिथे पाळी ज्याची, तोच बोलतो. मॅजिकमध्ये जखमा पाळी संपताना पुसल्या जातात आणि दोन्ही बाजूंना मध्येच बोलायची मुभा असते. म्हणून लढाईची एकेक पायरी तोलून पाहावी लागते.

२. पाच पायऱ्या

लढाईच्या पाच पायऱ्या आहेत: सुरुवात, हल्लेखोर जाहीर करणं, ब्लॉकर जाहीर करणं, डॅमेज आणि शेवट. दर पायरीला दोघांनाही 'प्रायॉरिटी' मिळते, म्हणजे बोलायची संधी. ज्याची पाळी त्याला आधी. दोघांनीही काही न करता संधी सोडली की पुढची पायरी. वाचायला हे सरकारी परिपत्रकासारखं वाटतं. पत्ते घेऊन बसलं की चित्र पालटतं.

'आयसी मॅनिप्युलेटर' हा पहिल्याच संचातला पत्ता घ्या. त्याचं काम समोरचा एखादा पत्ता टॅप करणं. लढाईच्या सुरुवातीच्या पायरीवर त्याने समोरच्याचा सर्वांत मोठा क्रीचर टॅप केला की त्या पाळीत तो क्रीचर हल्ला करू शकत नाही. तेच काम एक पायरी उशिरा, हल्लेखोर जाहीर झाल्यावर केलं तर काहीही घडत नाही. हल्ला करणारा क्रीचर टॅप झालेलाच असतो आणि टॅप असल्याने त्याचं डॅमेज थांबत नाही. आणि हेच फार लवकर, समोरच्याच्या मुख्य टप्प्यात केलं, तर तो त्या क्रीचरचा भरवसा सोडून दुसरा पत्ता उतरवून मोकळा होतो. फेकायची वेळ नेमकी एकच असते आणि ती पत्त्यावर लिहिलेली नसते.

दुसरा नियम नवशिक्यांना हटकून अन्यायाचा वाटतो. एकदा ब्लॉक झालेला हल्लेखोर ब्लॉक झालेलाच राहतो, मग ब्लॉकर मैदानातून नाहीसा झाला तरी. ब्लॉक जाहीर झाल्यावर हल्ला करणाऱ्याने 'अनसमन' टाकून ब्लॉकर मालकाच्या हातात परत पाठवला, तर वाट मोकळी व्हायला हवी, असं कोणालाही वाटेल. ती होत नाही. हल्लेखोर जागच्या जागी थांबतो. त्याच्याकडे 'ट्रँपल' ही क्षमता असेल तरच डॅमेज खेळाडूपर्यंत पोचतं. हा नियम उलटा असता तर काय झालं असतं? ब्लॉकर हटवणारा प्रत्येक स्वस्त मंत्र एकाच वेळी बचाव मोडणारा आणि घाव घालणारा ठरला असता आणि ब्लॉक करण्यात काही अर्थच उरला नसता. हा नियम ब्लॉक करणाऱ्याच्या शब्दाला वजन देतो.

या पायरीचं महत्त्व ओळखून पत्ते रचणाऱ्यांनी तिच्यातूनच एक अख्खी करामत काढली. २००५ च्या 'बिट्रेयर्स ऑफ कामिगावा' या संचात 'निन्जुत्सू' आलं. ब्लॉकर जाहीर झाले, एखादा साधा हल्लेखोर कोणी अडवला नाही, की त्याला हातात परत घ्यायचं आणि त्याच्या जागी निन्जा मैदानात उतरवायचा, तोही हल्ला करत असलेल्या स्थितीत. ब्लॉक ठरून गेलेले असतात, त्यामुळे त्याला कोणी अडवू शकत नाही. गंमत अशी की 'हल्ला केला की अमुक होतं' असं लिहिलेल्या क्षमताही अशा वेळी चालत नाहीत, कारण हा निन्जा हल्लेखोर म्हणून जाहीर झालेलाच नसतो. दोन पायऱ्यांमधली फट नसती तर ही कल्पना सुचलीच नसती.

३. दोन पत्ते, पाच निकाल

आता गाभ्याचं उदाहरण. सगळे पत्ते पहिल्या संचातले, अगदी साधे. हल्ला करणाऱ्याकडे 'ग्रिझली बेअर्स', २/२. हातात 'जायंट ग्रोथ', एका हिरव्या मानात पाळी संपेपर्यंत +३/+३. बचाव करणाऱ्याकडे 'हिल जायंट', ३/३. हातात 'लाइटनिंग बोल्ट', एका लाल मानात तीन डॅमेज. दोन्ही मंत्र 'इन्स्टंट' आहेत, म्हणजे केव्हाही टाकता येणारे. मंत्र टाकला की तो लगेच लागू होत नाही, आधी 'स्टॅक'वर जातो. त्याच्यावर समोरचा आपला मंत्र ठेवू शकतो, आणि जो शेवटी ठेवला तो आधी लागू होतो.

पहिला प्रकार: हल्ल्याआधीच ग्रोथ टाकून अस्वल ५/५ केलं. समोरच्याने बोल्ट राखून ठेवला, तर तो ब्लॉक करत नाही, पाच जीव सोडतो आणि बस. अख्खा पत्ता तीन जादा डॅमेजसाठी गेला.

दुसरा: २/२ अस्वल तसंच हल्ल्याला पाठवलं, समोरच्याने राक्षसाने अडवलं आणि त्याच्या सगळ्या जमिनी आधीच वापरून झालेल्या आहेत. आता ग्रोथ टाकली की राक्षस मेला आणि अस्वल वाचलं. उत्तम सौदा.

तिसरा: सगळं तसंच, फक्त समोरच्याकडे लाल माना शिल्लक आहे. ग्रोथ स्टॅकवर असतानाच तो बोल्ट टाकतो. बोल्ट आधी लागू होतो, अस्वल दोन टफनेसवर मरतं, ग्रोथला लक्ष्यच उरत नाही. हल्ला करणाऱ्याचे दोन पत्ते गेले, समोरच्याचा एक, राक्षस शाबूत.

चौथा: समोरचा एक क्षण थांबला. ग्रोथ लागू होऊ दिली आणि मग बोल्ट टाकला. अस्वल आता ५/५. बोल्टचे तीन आणि राक्षसाचे तीन मिळून सहा, त्यामुळे ते मरतंच. पण मरता मरता राक्षसालाही नेतं. क्षणभराच्या विलंबाची किंमत एक राक्षस.

पाचवा: समोरच्याने घाई केली. हल्लेखोर जाहीर होताच बोल्ट टाकला. उत्तरादाखल ग्रोथ आली, ती आधी लागू झाली, तीन डॅमेज सोसून अस्वल जिवंत. आता समोरच्यापुढे पेच: पाच जीव सोडायचे की राक्षस घालून दोघांनाही मारायचं?

पत्ते तेच, निकाल पाच. आणि यातला सर्वांत रंगतदार प्रकार अजून सांगायचाच आहे. हातात ग्रोथ नसताना, नुसती एक हिरवी जमीन उभी ठेवून अस्वल राक्षसावर सोडायचं. समोरच्याला पत्ता दिसत नाही, फक्त उघडी जमीन दिसते. ब्लॉकनंतर बोलायची संधी नियमांनी ठेवली आहे, म्हणूनच त्या जमिनीचा धाक वाटतो. ती संधी काढली की थाप मारणंही संपलं.

मेंढीकोट खेळलेल्या कोणालाही ठाऊक असतं की चौथ्या भिडूला तिघांची पानं पाहून आपलं पान टाकता येतं, आणि तो फायदा बसायच्या जागेतून येतो. मॅजिकच्या लढाईत ही चौथी जागा दर पायरीला नव्याने ठरते, आणि ती कोणाला द्यायची हे नियम ठरवतात.

४. १९९९: एकच स्टॅक

हा स्टॅक सुरुवातीला नव्हता. पहिली सहा वर्षं मंत्रांच्या वेगाचे वेगवेगळे दर्जे होते. 'इंटरप्ट' नावाचा प्रकार इन्स्टंटपेक्षाही वेगवान मानला जाई. डॅमेज टाळणारे पत्ते टाकायला स्वतंत्र खास वेळ होता. टॅप झालेला ब्लॉकर डॅमेज करत नसे. शून्य जीवांवर गेलेला खेळाडू तो टप्पा संपेपर्यंत जिवंत राही आणि मधल्या मध्ये जीव वाढवून सुटूही शके. १९९९ च्या सहाव्या आवृत्तीने हे सगळं झाडून काढलं. इंटरप्ट गेले, सगळ्यांसाठी एकच स्टॅक आला आणि शून्यावर गेलेला खेळाडू लगेच हरू लागला.

हा बदल कसोटीवर उतरतो. इंटरप्ट आणि इन्स्टंट यांच्या दर्जातून कोणापुढे निवड उभी राहत नव्हती. फक्त पाठांतर वाढत होतं. एकच स्टॅक आल्यावर वर मांडलेले पाच प्रकार कोणालाही एका तत्त्वावरून काढता येऊ लागले. तरीही याच सुधारणेने एक विचित्र गोष्ट दाराआडून आत आणली. लढाईचं डॅमेजसुद्धा मंत्रासारखं स्टॅकवर जाऊ लागलं.

५. २००९: 'डॅमेज ऑन द स्टॅक'चा शेवट

पुढची दहा वर्षं क्रीचरचा ठोसा हवेत लटकत राहिला. डॅमेज स्टॅकवर ठेवल्यावर, ते लागू व्हायच्या आधी, दोघांना बोलता येई. आणि ठोसा मारणारा क्रीचर तोवर मैदानात नसला तरी ठोसा बसे. 'मॉग फॅनॅटिक' हा एका लाल मानाचा १/१ गॉब्लिन याचा बादशहा. त्याचा बळी दिला की तो एक डॅमेज करतो. त्याने २/२ ला अडवायचं, एक डॅमेज स्टॅकवर ठेवायचं, मग बळी देऊन दुसरं डॅमेज त्याच २/२ ला. एका मानात दोन मानाचा क्रीचर गारद. १९९८ चा 'मॉर्फलिंग' हाच खेळ मोठ्या प्रमाणावर करी: ठोसा मारायच्या आधी पॉवर वाढवायची, ठोसा स्टॅकवर गेला की पॉवर उतरवून टफनेस वाढवायचा.

जुलै २००९ मध्ये, 'मॅजिक २०१०' संचाबरोबर, हे बंद झालं. लढाईचं डॅमेज तत्काळ लागू होऊ लागलं. जुन्याजाणत्या खेळाडूंत मोठा गहजब झाला: खेळ पोरांसाठी पातळ केला, कसब संपवलं, वगैरे.

ते मत टिकत नाही. मॉग फॅनॅटिकच्या जुन्या डावात निवड कुठे होती? योग्य चाल जवळजवळ नेहमी एकच: आधी ठोसा स्टॅकवर, मग बळी. ज्याला ही चाल माहीत तो फायद्यात, ज्याला माहीत नाही तो तोट्यात. दोघांपैकी कोणालाही विचार करावा लागत नव्हता. २००९ नंतर त्याच गॉब्लिनच्या मालकाला ठरवावं लागतं: ठोसा मारू द्यायचा, की बळी देऊन ते एक डॅमेज दुसरीकडे वळवायचं? दोन्ही मिळत नाहीत. पत्ता दुबळा झाला, हे खरं. निर्णय मात्र अवघड झाला. नियम सोपा होऊन खेळ कठीण झाल्याचं याहून स्वच्छ उदाहरण सापडणं कठीण.

त्याच वर्षी 'माना बर्न' म्हणजे न वापरलेल्या मानाने होणारं नुकसानही काढलं गेलं. त्यावर फारसे अश्रू ढाळण्याचं कारण नाही.

६. २०२४: शेवटचा शब्द कोणाचा

ठोसा स्टॅकवरून काढताना एक प्रश्न उरला होता. एका हल्लेखोराला दोघांनी मिळून अडवलं तर डॅमेजची वाटणी कशी? २००९ च्या नियमाने सांगितलं की ब्लॉक होताच हल्ला करणाऱ्याने ब्लॉकरांचा क्रम लावायचा. पहिल्याला मारण्याइतकं डॅमेज दिल्याशिवाय दुसऱ्याला हात लावता येणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये, 'फाउंडेशन्स' संचाबरोबर, हा क्रमही गेला. आता डॅमेज लागण्याच्या क्षणी हल्ला करणारा हवं तसं वाटतो.

बहुतेकांनी याला आणखी एक सुलभीकरण म्हणून मान डोलावली. उदाहरण घेऊन पाहू. ४/४ हल्लेखोराला दोन ३/३ क्रीचरनी अडवलं आहे. जुन्या नियमात हल्ला करणारा म्हणाला, आधी डावा, मग उजवा. बचाव करणाऱ्याने डाव्यावर जायंट ग्रोथ टाकली, तो ६/६ झाला. आता चारही डॅमेज डाव्यावरच घालावे लागतात, तो मरत नाही, उजव्याला ओरखडाही नाही. नव्या नियमात हल्ला करणारा डावा फुगलेला पाहतो, तीन डॅमेज उजव्यावर घालतो आणि किमान एक क्रीचर घेऊन जातो.

तीन काळ ओळीने ठेवले की धागा दिसतो. १९९९ ते २००९: हल्ला करणारा डॅमेजची पूर्ण वाटणी आधी जाहीर करी, मग बचाव करणारा उत्तर देई. २००९ ते २०२४: वाटणी गुप्त, पण क्रम आधी जाहीर. २०२४ नंतर: काहीच जाहीर नाही. प्रत्येक बदल 'सोपं करण्याच्या' नावाखाली आला आणि प्रत्येक वेळी शेवटचा शब्द बचावाकडून थोडा थोडा हल्ल्याकडे सरकला. सोपेपणावरच नजर असणाऱ्याला हे दिसत नाही. वेळेचे नियम म्हणजे किरकोळ तांत्रिक बाब मानणाऱ्याला तर त्याची दखलही घ्यावीशी वाटत नाही.

मग २०२४ चा बदल चूक होता का? कसोटीचा निकाल इथे २००९ इतका एकतर्फी लागत नाही. समोरच्याकडे उघडी जमीन नसेल तर क्रम लावणं ही निव्वळ कवायत होती. ती गेली ते बरंच. समोरच्याकडे माना शिल्लक असेल तेव्हा मात्र क्रम लावताना हल्ला करणाऱ्याला खरोखर डोकं चालवावं लागे. ती निवड गेली. तिच्या बदल्यात दोघांनी मिळून अडवण्याचा निर्णय अधिक धोक्याचा झाला, म्हणजे ब्लॉक करतानाचा विचार वाढला. तोटा लहान, पण खरा. त्याला 'फक्त सोपं केलं' म्हणणं अर्धसत्य.

७. आक्षेप

'नियम इतके आहेत की संगणकालाही झेपत नाहीत.' हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. संपूर्ण नियमपुस्तक अडीचशे पानांच्या वर आहे. कृष्णेंदू चॅटर्जी आणि रास्मस इबसेन-येन्सेन या संगणकशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दाखवलं की मॅजिकमधली एखादी चाल नियमात बसते का, एवढं तपासणंसुद्धा काही पत्त्यांच्या बाबतीत संगणकीय अर्थाने कठीण प्रश्न ठरू शकतं. २०१९ मध्ये अ‍ॅलेक्स चर्चिल, स्टेला बिडरमन आणि ऑस्टिन हेरिक यांनी त्यापुढे जाऊन मॅजिकचे पत्ते वापरून ट्युरिंग मशीन बांधता येतं हे सिद्ध केलं. म्हणजे असा डाव मांडता येतो की त्यात कोण जिंकणार हे ठरवणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. पण त्या डावातली एक बाब क्वचितच सांगितली जाते. यंत्र एकदा सुरू झालं की दोन्ही खेळाडूंची प्रत्येक चाल सक्तीची असते. तिथे गुंतागुंत अफाट आणि निवड शून्य. उलट अस्वल आणि राक्षस यांच्या डावात चार सामान्य पत्ते आहेत आणि घाम फुटतो. नियमांची गुंतागुंत आणि खेळाची खोली या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिल्या संचापासून चालत आलेली 'बँडिंग' ही क्षमता गुंतागुंतीची आणि कमी फलदायी होती. ती नव्या संचांतून हद्दपार झाली यात खेळाचं काही बिघडलं नाही.

'शेवटी पैसाच जिंकतो.' काही स्पर्धाप्रकारांत यात तथ्य आहे. जुन्या पत्त्यांच्या किमती पाहता ते नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण 'ड्राफ्ट' या स्पर्धाप्रकारात सगळे टेबलावरच बंद पाकिटं फोडतात आणि एकेक पत्ता उचलून डेक बांधतात. तिथे लढाईतलं कसब उघडं पडतं. शिवाय महागडा पत्तासुद्धा चुकीच्या पायरीला पडला की वाया जातो.

'संगणकावर खेळताना हे सगळं यंत्रच सांभाळतं.' 'मॅजिक अरिना'मध्ये बेकायदा चाल करता येत नाही, हे खरं. मात्र तिथे खेळाचा वेग राखण्यासाठी, तुमच्याकडे त्या क्षणी करण्यासारखं काही नसेल तर यंत्र तुमची संधी परस्पर सोडून देतं. परिणामी डाव जिथे किंचित अडखळतो तिथे समोरच्याला कळतं की तुमच्या हातात काहीतरी आहे. मुरलेले खेळाडू या अडखळण्यावरून हात वाचतात. आणि मुरलेले प्रतिस्पर्धी हातात काही नसताना मुद्दाम थांबण्याची सोय चालू करून ठेवतात. यंत्राने वेळेचं ज्ञान निरुपयोगी केलं, हे म्हणणं वस्तुस्थितीच्या नेमकं उलट आहे. त्याने थाप मारायची नवी जागा तयार केली.

'वेळेचे नियम म्हणजे समोरच्याला शब्दात पकडण्याचा सापळा.' हा सर्वांत गंभीर आक्षेप, आणि त्याला इतिहासात आधार आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये डब्लिनच्या 'प्रो टूर' स्पर्धेत एका खेळाडूने 'कॉम्बॅट' म्हटलं. त्याला लढाईच्या सुरुवातीच्या पायरीवर थांबून आपला 'वाहन' प्रकारचा पत्ता हल्ल्यासाठी तयार करायचा होता. स्पर्धेच्या तेव्हाच्या संकेतानुसार त्या एका शब्दाचा अर्थ 'थेट हल्लेखोर जाहीर करायला निघालो' असा धरला गेला आणि त्याची संधी हुकली. नियमानुसार निकाल बरोबर होता, आणि तरीही तो पाहणाऱ्या बहुतेकांना खटकला. त्याच वर्षी स्पर्धा-नियमांतला तो संकेत बदलण्यात आला.

या प्रसंगातून वेळेचे नियमच नकोत असं अनुमान काढणं घाईचं आहे. त्या खेळाडूची पायरीची समज चुकली नव्हती. त्याला नेमकं कुठे थांबायचं हे पक्कं माहीत होतं, अडचण तोंडी घोषणेची होती. पायऱ्या हा खेळ. त्या पायऱ्या टेबलावर कशा बोलून दाखवायच्या हा शिष्टाचार. शिष्टाचार जितका ढिला आणि उदार ठेवता येईल तितका ठेवावा. पायऱ्या मात्र काटेकोरच हव्यात, कारण त्या ढिल्या झाल्या तर आयसी मॅनिप्युलेटर केव्हाही चालेल आणि तो केव्हा वापरायचा हा विचार कोणालाच करावा लागणार नाही.

८. शिकवताना

नव्या माणसाला हा खेळ शिकवताना सर्रास एक गाळणी लावली जाते: 'तू हल्ला कर, तो अडवेल, मग मारामारी.' पाच पायऱ्यांच्या दोन होतात, स्टॅक 'नंतर कधीतरी' सांगायचा राहून जातो आणि सगळा भर कोणता पत्ता भारी यावर येतो. अशा रीतीने शिकलेला खेळाडू पुढे वेळेच्या नियमांना कटकट म्हणाला तर त्यात त्याचा दोष कमी आहे. शिकवणाऱ्यांनी हा क्रम उलटा करून पाहावा. दोघांना प्रत्येकी सात-आठ जमिनी, दोन २/२ आणि एक ३/३ क्रीचर, दोन जायंट ग्रोथ आणि दोन लाइटनिंग बोल्ट द्यावेत. बाकी डेक बाजूला ठेवावं आणि दर पायरीला दोघांना मोठ्याने विचारावं, 'इथे काही करायचंय?' या सामान्य पत्त्यांना फारसा पैसा लागत नाही. असे चार डाव झाले, की मग दुर्मीळ पत्त्यांचं पाकीट फोडावं.